विनूने ओळखलेला स्वार

भोपाळहून फोन आला तेव्हा मी एका बाईशी तोड्यांवरून भांडत होतो. तोडे तिच्या सासूचे, जुने, आतून लाख भरलेले. लाख काढून चांदी तोलायची की लाखेसकट अंदाज धरायचा, यावर आमचं जुंपलं होतं. फोन उचलला तर पलीकडे विनायकचा मुलगा. "काका, बाबा गेले. आज सकाळी. झोपेतच." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि बाईला म्हणालो, "माताजी, लाख निकलेगी, तभी तुलेगा." लाख काढली, चांदी तोलली, सौदा मी सांगितलेल्या दराने झाला. बाई मला शिव्या देत बाड्याच्या चौकातल्या गर्दीत मिसळली. मग मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गादीवर बसून राहिलो...

लोक म्हणतील, माणूस आहे की दगड. म्हणू देत. विनायकची, आमच्या विनूची, आणि माझी ओळख चड्डीत असल्यापासूनची, आणि त्यातली निम्मी वर्षं माझा त्याच्यावर राग होता. तो राग आजही आहे. तो गेल्यावर वर्तमानपत्रात दोन-चार ओळी आल्या. पुराणवस्तू खात्यातले ज्येष्ठ अधिकारी, मूर्तींचे जाणकार, शांत स्वभाव, वगैरे. सगळं खरं. पण त्या ओळींतला माणूस मला ओळखू येईना. म्हणून हे लिहायला बसलो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाना ओलीत, म्हणजे गल्लीत, आमची घरं समोरासमोर होती. त्याचे पूर्वज दक्षिणेतून दरबारात लेखणी चालवायला आले, माझे घोड्यावर बसून आले. लेखणीवाल्यांचं पुढे बरं चाललं. घोडेवाल्यांचे घोडे गेले, पागा गेली, मिशा तेवढ्या राहिल्या. माझे वडील त्या मिशांना पीळ देत ओट्यावर बसायचे आणि एक दिवस तिथेच बसल्या बसल्या गेले. मी शाळा सोडली आणि स्टेशनजवळ पडावावर हमालांच्या टोळीत शिरलो. विनू शिकत राहिला. मी हमालाचा मुकादम झालो, मुकादमाचा ठेकेदार झालो, एक मोडका ट्रक घेतला, आणि तोवर विनू संस्थानच्या पुराणवस्तू खात्यात चिकटला होता. पाठीवर पोती वाहून मी जे मिळवलं त्याचा मला अभिमान आहे. पण खरं सांगतो, विनू ओली ओलांडून समोरच्या दारात दिसला की मला माझ्या हातांचे घट्टे लपवावेसे वाटायचे. त्याला ते कधी कळलं नाही. त्याला दगड तेवढे कळायचे.

किल्ल्याच्या पायथ्याशी विनूच्या खात्याचं संग्रहालय होतं. सुटीच्या दिवशी तो मला तिथे ओढून न्यायचा आणि एकेका मूर्तीसमोर उभं करायचा. तो सांगायचा, माणसाने आधी देवाला तोंड दिलंच नव्हतं. धोंडा, झाड, वारूळ, नुसता पावलांचा ठसा, एवढ्यावर काम भागायचं. मग कुणाच्या तरी मनात आलं, हा आपल्याकडे बघतो की नाही? तेव्हा डोळे आले. आधी डोळे, बाकी सगळं नंतर. नाईलच्या काठच्या लोकांनी माणसाच्या धडावर ससाण्याचं, कोल्ह्याचं डोकं बसवलं, कारण देव आपल्यासारखा असेल हे त्यांना पटेना. ग्रीकांना नेमकं तेच पटलं. त्यांनी आखाड्यातला देखणा पोरगा उभा केला आणि म्हणाले, हाच. आपण हात वाढवत नेले.

"का?" मी विचारलं.

"एका हाताने किती देणार?"

"म्हणजे गिऱ्हाईक बघून माल," मी म्हणालो.

तो इतका हसला की पहारेकरी उठून आला. "दौल्या, तू शिकला असतास ना, तर आज माझ्या डोक्यावर साहेब असतास." हे तो कौतुकाने म्हणायचा. मला ते वाक्य कधीच आवडलं नाही.

तिथे एक सूर्याची मूर्ती होती. दोन्ही हातांत कमळं, डोक्यावर मुकुट, आणि पायांत गुडघ्यापर्यंत बूट. बाकी सगळे देव अनवाणी, हा एकटा बूट घालून. विनूने सांगितलं की सूर्याची ही तऱ्हा उत्तरेकडच्या थंड मुलखातून आली, घोड्यांवरून आलेल्या लोकांबरोबर. त्यांचा राजा बूट घालायचा, म्हणून त्यांचा देवही बूट घालून आला, आणि इथल्या पाथरवटांनी ते काढले नाहीत. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बूट घालून देव्हाऱ्यात? मेल्याला दारात काढून ठेवायला नाही सांगितलं कुणी?"

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला. राजाचं खातं सरकारचं खातं झालं. खुर्च्या त्याच, पाटी नवी. नव्या सरकारला रानोमाळ पडलेल्या मूर्ती गोळा करायच्या होत्या आणि त्यासाठी ट्रक हवा होता. भाड्यावरून विनूशी मी असा भांडलो की त्याच्या साहेबाने मध्ये पडून भाडं ठरवलं. पण काम मला मिळालं, आणि दोन हिवाळे आम्ही दोघं मुरैना-भिंडच्या बीहडांतून, त्या मातीच्या घळींतून, फिरलो. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कुठले, असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन. ट्रकमध्ये मागे गवतात गुंडाळलेले देव, पुढे मी आणि विनू, आणि विनू सारखा सांगतोय, मी सारखा टोकतोय.

एका खेड्यात पिंपळाखाली एक मूर्ती होती. गावाने तिला लाल साडी नेसवली होती, नाकात नथ अडकवली होती, मैया म्हणून तिची पूजा चालायची. विनू वाकून बघायला लागला. कमळं त्याला दिसली होती. त्याने हळूच साडीचा काठ उचलला, आणि खाली बूट! तेवढ्यात शेजारी बसलेल्या म्हातारीने त्याच्या हातावर फाडकन मारलं.

"काए लल्ला, मैया की धोती उठात सरम नईं आई?"

विनू लाल झाला. मी ट्रकला टेकून हसून हसून खोकायला लागलो. म्हातारीने मग त्याला बाजूला बसवून गूळ दिला आणि मैयाने तिच्या नातीला तापातून कसं उठवलं ते सांगितलं. विनूने सगळं ऐकून घेतलं. निघताना मी विचारलं, "उचलायची ना?" तो म्हणाला, "राहू दे." मी म्हणालो, "अरे, पण तो पुरुष आहे. सूर्य आहे. सांग तरी त्यांना." तो म्हणाला, "त्यांनी कुठे विचारलंय?"

हे वाक्य लक्षात ठेवायचं असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. पुढे वाटलं.

आता आईचं सांगायला हवं, कारण माझं भांडण तिच्यापायी आहे. आमच्या देव्हाऱ्यात एक टाक होता. देवाची आकृती उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा, दोन बोटं रुंद, वर कमान. पूर्वजांनी घोड्यावरून येताना कमरेला बांधून आणलेला, असं सांगायचे. तो खंडोबाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चार-पाच पिढ्यांच्या बायकांनी चिंचेने आणि राखेने घासून घासून तो इतका गुळगुळीत केला होता की घोड्याचा फुगवटा आणि त्यावर काहीतरी उभं, एवढंच हाताला लागायचं. देवाचं तोंड आम्ही भक्तीने पुसून टाकलं होतं. दक्षिणेत असे टाक झिजले की लोक उजळून आणतात, नव्याने घडवतात. आम्ही इतक्या लांब येऊन पडलो, कोण नेणार?

आई त्या टाकाशी बोलायची. प्रार्थना नव्हे, बोलणं. सकाळी अंघोळ झाली, ओले केस पाठीवर सोडले की सुरू. "काय रे मल्हारी, आज नळाला पाणी नाही. तुझ्या घोड्याला काय पाजू, माझं डोकं?" सून म्हणून आली तेव्हापासून तिने त्याला सगळं सांगितलं होतं. सासूने भाकरी मोजून वाढली ते, नवरा कामाला जात नाही ते, मूल राहत नाही ते, मग मी राहिलो ते. वडील गेल्यावर तर तो एकटाच तिचा सोबती. मी अंधारात पडावावर जायचो आणि अंधारात परत यायचो. माझ्या बायकोशी तिचं कधी पटलं नाही. ओलीतल्या बायकांना ती चार हात लांब ठेवायची. ती बोलायची ते त्याच्याशी, आणि भांडायचीही त्याच्याशीच. एकदा तर तिने रागाने त्याला दिवसभर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तोंड नव्हतंच म्हणा.

ट्रकच्या जोरावर मी सराफ्यात चांदीचं दुकान टाकलं, त्याच सुमारास आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रियेला ती तयार नव्हती. एक दिवस जेवताना म्हणाली, "दौलत, एवढी चांदी घेतोस-विकतोस. माझे डोळे जायच्या आत मला एकदा त्याचं तोंड दाखव. जन्मभर ज्याच्याशी बोलले, तो दिसतो कसा ते बघू दे."

तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्याच दिवशी टाक दुकानात आणला.

चांदीत काम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. ठोकून उठवलेल्या पत्र्याची पुढची बाजू झिजते, मागची झिजत नाही. मागे लाख भरलेली असते आणि त्यावर तांब्याचा पत्रा मारलेला असतो, म्हणून तिथे कुणाचा हातच पोचत नाही. मी विनूला बोलावून घेतलं. त्याच्यासमोर तांब्याचा पत्रा उचकटला, लाख ऊन करून काढली. आत खोलगट, काळसर, उलटी आकृती. मी मऊ मेण त्यात दाबलं आणि अलगद सोडवलं.

कुणाचाही हात लागला नव्हता असा एक माणूस बाहेर आला. टोकदार नाक, वळलेल्या मिशा, घट्ट बांधलेली पगडी, हातात उगारलेली तलवार. घोड्याचे कानसुद्धा टवकारलेले. मी खूश होऊन म्हणालो, "बघ! आता यावरून चित्र काढून दे. बाड्यावरच्या सोनाराकडून नवा करून घेतो."

विनू उठला. खिडकीत गेला, मेण तिरकं धरलं, परत आला.

"दौल्या, हा खंडोबा नाही."

"म्हणजे?"

"खंडोबाच्या मागे घोड्यावर म्हाळसा बसलेली असते. खाली कुत्रा असतो. हा एकटा आहे. हा वीर आहे. तुमच्या घराण्यातला कुणीतरी लढाईत पडला, त्याच्या नावाने केलेला टाक. देवांच्या शेजारी ठेवतात. तुमचा खंडोबा कधीतरी हरवला असेल, भावाभावांच्या वाटणीत गेला असेल... मागे हा राहिला."

मी म्हणालो, "ठीक आहे. घोडा आहेच. मागे एक बाई बसव, खाली कुत्रा काढ. झाला खंडोबा."

"नाही जमणार."

"का? तुझा हात मोडलाय?"

"जे नाही ते मी काढणार नाही."

"बरं, बाई राहू दे. नुसता कुत्रा काढ."

"दौल्या..."

"अर्धा कुत्रा काढ! शेपटीवरून आई ओळखेल. तिला दिसतंय कुठे नीट?"

त्याला हसू आलं, मलाही आलं, पण तो सौद्यावर आला नाही. मी आयुष्यात भल्याभल्यांना खाली आणलंय. त्या माणसाला एका कुत्र्यावरही आणू शकलो नाही. शेवटी मी म्हणालो, नको काढूस, मी दुसऱ्याकडून काढून घेतो, पण आईपुढे हे बोलायचं नाही. तो "बरं" म्हणाला. मेण त्याने कागदात गुंडाळलं, "एक दिवस नीट बघू दे" म्हणाला आणि घेऊन गेला. मी टाकात परत लाख भरली, पत्रा मारला आणि तो देव्हाऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो. आई देव्हाऱ्यापासून लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती. तिने नाकापर्यंत पदर ओढला होता. विनू समोर पाटावर, खाली मान घालून. त्याच्यापुढचा चहा तसाच.

"दौलत," आई पदराच्या आतून म्हणाली, "हे तुझ्या बाबांच्या घरचे कुणी आहेत रे. खंडोबा नव्हेत."

"आई, विनू काहीही बोलतो."

"मी त्या मेणाला हात लावून बघितलं. म्हाळसा नाही, कुत्रं नाही. एकटा माणूस आहे." मग तिचा आवाज फाटला. "मी यांच्यापुढे तुझ्या आजीच्या कागाळ्या केल्या रे! यांच्याच घरच्या बाईच्या. अरे-तुरे केलं. ओले केस सोडून, उघड्या डोक्याने बसले..."

आमच्या नात्यातल्या दक्षिणेतल्या बायका डोक्यावर नुसता पदर घेतात. इथे पिढ्या काढल्यावर आमच्यात या मुलखाचीच रीत आली. सासऱ्यासमोर, सासऱ्याच्या बापासमोर सुनेने नाकापर्यंत पदर घ्यायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच तर घरातल्या मुलाला मध्ये घालायचं, "त्यांना सांग, ताट वाढलंय." आईने जन्मभर ही रीत पाळली होती. देवाशी कसंही बोलता येतं. सासरच्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलता येत नाही.

मी विनूला हाताला धरून ओलीत ओढला. लोक बघायला लागले.

"शब्द दिला होतास."

"काकूंनी बोलावून घेतलं मला. सरळ विचारलं, 'विनू, तोंड दिसलं का?' मी काय करू?"

"खोटं बोलायचं!"

"देवाबद्दल?"

"देव नाही म्हणतोस ना? मग खोटं कुणाबद्दल?"

तो त्याच्या घराकडे वळायला लागला. मी म्हणालो, "त्या खेड्यातल्या म्हातारीला नाही सांगितलंस. तिची मैया तिच्यापाशी राहू दिलीस. माझ्याच आईच्या वेळी तुला खरेपणा सुचला?"

"ती म्हातारी मला काही विचारत नव्हती, दौल्या. काकूंनी विचारलं. मी आयुष्यभर एवढंच करतो रे, कोण कोण आहे ते सांगतो. तेवढंही खोटं करू?"

मी त्याच्या हातातलं मेण हिसकावलं आणि मुठीत दाबून टाकलं. तो स्वार त्यानंतर कुणाला दिसला नाही.

आईने पूजा सोडली नाही. रोज नाकापर्यंत पदर घेऊन फूल वाहायची, दिवा लावायची, आणि पाठ न दाखवता मागे सरकायची. शब्द नाही. मी कॅलेंडरवरच्या चित्रावरून म्हाळसा-कुत्र्यासकट खंडोबाचा नवा कोरा टाक करून आणला. तिने तोही देव्हाऱ्यात ठेवला, हळद वाहिली, पण त्याच्याशी तिला बोलता येईना. "ओळख नाही रे," म्हणाली. कधी मी घाईत निघालो असलो की आतून हाक यायची, "दौलत, त्यांना सांग, आज तुझ्या बाबांची तिथ आहे." मी देव्हाऱ्यासमोर उभा राहायचो आणि मला शब्द सुचायचा नाही. बाजारात मी दिवसभर बोलतो. एका पत्र्यासमोर काय बोलायचं? मी नुसता हात जोडून निघायचो. तिला वाटायचं मी सांगितलं. मग तिने मला मध्ये घालणंही सोडलं... घर इतकं गप्प झालं की ओलीतून जाणाऱ्या टांग्याच्या घोड्याच्या टापा मोजता याव्यात.

त्यानंतर नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरची खाती एकामागून एक उचलली गेली. ओलीतली मराठी घरं हुकूम हातात घेऊन सामान बांधायला लागली. पडावावर रोज कुणाचा ना कुणाचा निरोप. बाजारात माणसं म्हणायची, राज्य मोठं झालं. मला माझं शहर लहान होताना दिसत होतं. विनूलाही हुकूम आला. त्याच्या खात्याचं दप्तर स्टेशनपर्यंत पोचवायचा ठेका मीच घेतला, आणि मूर्ती जागेवर राहून मूर्तींची माहिती असलेला माणूस तेवढा गेला. त्याचं घरचं सामानही माझ्याच ट्रकमधून गेलं. ते मी त्याच्याशी न बोलता लादलं. गाडी सुटायच्या आधी तो फलाटावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काकू बोलतात का आता?"

"नाही."

त्याने मान हलवली. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता आणि मी हमालांवर ओरडत होतो.

आई गेली तेव्हा तो भोपाळहून आला. दहाव्याला नदीवर माझ्या बाजूला उभा राहिला. एका शब्दानेही त्याने स्वतःची बाजू मांडली नाही. मांडली असती तर मी त्याला तिथेच ढकलला असता आणि आमचं भांडण कदाचित मिटलं असतं. त्यानंतर लग्नाकार्यात भेटी झाल्या. "कसा आहेस", "बरा आहे", "दुकान", "चाललंय". मी त्याला क्षमा केली नाही आणि त्याने मागितली नाही, कारण त्याच्या मते त्याने खरं तेच सांगितलं होतं. ते खरं होतं हे मलाही ठाऊक आहे. माझ्या आईचं बोलणं बंद झालं हेही खरं आहे. यातलं कुठलं जास्त वजनाचं, ते मला आजवर तोलता आलेलं नाही. पण मी ज्याच्याशी भांडू शकत होतो असा तो एकच माणूस उरला होता. बाकीच्यांशी मी नुसता घासाघीस करतो.

माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नोकरीपायी सतत बाहेरगावी. घरात मी आणि सून, शुभा. ती इथलीच, ग्वाल्हेरची, मराठी बोलता बोलता हिंदीत कधी घसरते तिचं तिला कळत नाही. मधल्या काळात देव्हाऱ्यापुढे फारसं कुणी बसत नसे. ही मात्र बसते, आणि हीसुद्धा त्या टाकाशी बोलते. नव्याशी नाही, त्या गुळगुळीत, झिजलेल्याशीच. कुणी शिकवलं नाही. "देवा, आज फिर गॅस संपला, आता तुम्हीच बघा." बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेलो असताना ते पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला होता. मनात ठरवलं होतं, हिला कधी कळू द्यायचं नाही. विनू भोपाळला आहे, मी गप्प आहे, आणखी कुणाला ठाऊक नाही.

आता विनू नाही. हे लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, की हे गाळलं तर विनूबद्दल लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही, आणि लिहिलं तर शुभा वाचणार. दोन दिवस कागद तसाच ठेवला. मग परवा सकाळी ती कणीक मळत होती तेव्हा तिला बसवून सगळं सांगितलं. आईचं, पदराचं, विनूचं.

"हाय राम, बाबा!" ती कणकेचे हात तसेच धरून म्हणाली. "म्हणजे हे आपल्याच घरचे? अन् मी त्यांच्यासमोर तुमच्याबद्दल काय काय बोलले!" मग ती हसत सुटली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. "पण किती सीधे आहेत, नाही? इतकी वर्षं ऐकून राहिलेत, कुणाला सांगितलं नाही."

काल सकाळी मी बाहेरच्या खोलीत कान देऊन बसलो. दिवा लावल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा, "आजोबा, नमस्कार. सुनो ना, काल तुमच्या नातवाचा फोन आला होता..."

मला आनंद व्हायला हवा होता. माझं पित्त खवळलं. इतकं सोपं होतं तर माझ्या आईला का नाही जमलं? तिला कुणी का नाही सांगितलं, की याच्याशीही बोलता येतं? मी चप्पल पायात सरकवली, आणि सरकवल्यावर कळलं की मी समोरच्या, विनूच्या घराकडे निघालो होतो. त्या घरात आता बँकेतला कुणी राहतो. विनूला जाऊन सांगायचं होतं, बघ, ही बोलते. आणि तो काय म्हणाला असता तेही मला ठाऊक आहे. "तिने विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं. मी न विचारता सांगितलं. यावर तो हसला असता आणि मी चिडलो असतो, आणि दुपारपर्यंत ते भांडण पुरलं असतं.

शुभा भाजी आणायला गेल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसलो. गुडघे वाकत नाहीत, पाटावर कसाबसा टेकलो. टाकावर ताजी हळद होती. माझ्या तोंडून आधी नुसता घसा खाकरल्याचा आवाज आला.

मग मी त्यांना सांगितलं, "समोरच्या घरातला विनू गेला. भोपाळला होता. तुम्हाला ओळखणारा तेवढा तोच."